रिकाम्या घराची नोंद

वडील गेल्यापासून आईने उंबरा ओलांडला नव्हता. औंढे गावातल्या घरात ती एकटी, मी जवळच लोणावळ्यात. ती कुठे पडलीबिडली तर कळावं म्हणून मी घरात बसवायचं छोटं रडार आणलं. असली यंत्रं तपासणं हेच माझं काम. इतर लोक वडील गेले की आईला मिठी मारतात. मी भिंतीला खिळा मारला.

"फोटू काढतं का हे?" आईने विचारलं.

"नाही. यातून लाटा निघतात, भिंतींवर, सामानावर आपटून परत येतात. त्यावरून घराचा नकाशा होतो. त्यात जे नवीन आलं, हललं, त्याचा माझ्या फोनवर लाल ठिपका दिसतो."

त्यासाठी आधी रिकाम्या घराची नोंद घ्यावी लागते. मी तिला अंगणात जायला सांगितलं.

"मी न्हाई भाईर जायची. हितंच बसते. हलत बी न्हाई."

धान्याच्या कोठीजवळ, वडील बसायचे त्या घोंगडीवर ती बसली. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा यंत्राला फसवणं मला सोपं वाटलं. ती खरोखरच हलली नाही. नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर दोन ठिपके दिसले. एक चुलीपाशी, दुसरा कोठीजवळ, अगदी स्थिर. मी फोन केला.

"घरात कोण आलंय?"

"कोन न्हाई. का रं?"

"कोठीजवळ कुणी बसलंय?"

ती म्हणाली, "तितं तुझा बाप बसायचा."

असे खोटे ठिपके का दिसतात, हे मी कामावरच्या नव्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो. तरी मोटारसायकल काढली. वाटेत स्वतःला बजावत होतो की यंत्र तपासायला चाललोय. घरात शिरताना मात्र चपला बाहेर नीट जोडीने काढून ठेवल्या. वडिलांना फेकलेल्या चपला खपत नसत.

कोठीजवळ नुसती घोंगडी होती. तिच्याकडे बघत उभा राहिलो तेव्हा कुठे ती फळ्यावरची आकृती आठवली. यंत्राने आईला कोठीसारखीच घरातली वस्तू धरलं होतं. ती उठल्यावर तिथे फरक पडला, आणि फरक दिसला की ते ठिपका काढतं.

आईला समजावून सांगितलं.

"म्हंजे तू मला सामानात धरलंस?"

"यंत्राने धरलं."

"बापावर गेलायस."

वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली. मी म्हटलं, "आता घर खरंच रिकामं लागेल. तुला बाहेर यावं लागेल."

"मग त्यो ठिपका जाईल?"

"जाईल."

तिने घोंगडी उचलली, झटकली, पुन्हा तिथेच पसरली. कोपरे सरळ केले. मग पदर सावरून माझ्यामागून अंगणात आली.

समोरची मावशी दारातूनच ओरडली, "अगं बया! आलीस का भाईर?"

"ह्यानं हाकलली! मशिनीला घर मोकळं पायजे म्हनं."

मावशी वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन आली. दोघी पायरीवर बसून सोलायला लागल्या. मी फोन उघडला. भिंती, चूल, कोठी. लाल काही नाही. नोंद कधीच पूर्ण झाली होती.

"झालं का रं?" आईने विचारलं.

"नाही अजून," मी म्हटलं, "जुनं घर आहे, वेळ लागतो," आणि सुपातल्या मूठभर शेंगा पुढ्यात घेऊन बसलो.