कडीवाली गिन्नी

त्या दिवशी सराफाच्या दुकानात मी होती, माहे मालक, नणंद शांता, गादीवर शेठ अन् वजन करणारा काटेवाला. मालक मिलमधून रिटायर झाले, पेन्शन नव्हती. जो पैसा भेटला त्यातून म्हातारपणासाठी सोन्याच्या गिन्न्या घ्याच्या होत्या.

काटेवाल्याले आम्ही नेहमी पाहो. मान खाली, बोलणं कमी. गिन्नी दगडावर वाजवे अन् डोळे मिटून आयके.

शांता म्हणे, "कडीवाल्या घे वं वहिनी, गळ्यात तरी मिरवशीन!"

शेठ बी म्हणे, "छान दिसतीन, बाई."

काटेवाल्यानं कडीवर नख ठेवलं. मान वर न करता म्हणे, "मिरवाच्या हायत का विकाच्या? कडी जोडाले लावलेला हा टाका सोनं नोहे, विकताना वजनातून कापतीन."

शेठनं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं. हा भल्याचं सांगून राहिला का फसवून राहिला? तरी मी बिनकडीच्याच घेतल्या.

पुढच्या खेपेले काट्यावर दुसराच माणूस होता.

मालक गेल्यावर एकेक गिन्नी मोडून मी दिवस काढले. कोणी काही कापलं नाही. तो पहिला काटेवाला तुम्हाले कुठं भेटला, तर त्याले एवढं सांगा जी.