उचलून नेता येणारा एसी

नंदकुमार शेडग्यांच्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये घड्याळ फ्रिजवर बसायचं. पाठ भिंतीला आणि बूड साखरेच्या डब्याला टेकवून, पाहुण्यासारखं. कॅलेंडर खिडकीच्या जाळीला दोऱ्यानं बांधलेलं असायचं. लेकीच्या लग्नाचा मोठा फोटो सोफ्यामागे जमिनीवर उभा केलेला होता, त्यामुळे सोफ्याच्या पाठीवरून नवरानवरीची फक्त मुंडावळ्या बांधलेली डोकी दिसायची. घर स्वतःचं, भिंती स्वतःच्या, पण त्या भिंतींत एकही खिळा नव्हता. नव्या माणसाला वाटायचं, ही मंडळी एक तर काल राहायला आलीत, नाहीतर उद्या निघणार आहेत.

उद्या निघणार आहोत, असं लताबाईंचं मत होतं. गेली कित्येक वर्षं होतं.

नंदकुमार हवाई दलात स्टोअर्सला होते. माणूस साताऱ्याकडचा, रहिमतपूरचा, पण नोकरीनं देशाच्या सगळ्या कोपऱ्यांत फिरवला. दर पोस्टिंगला नवं क्वार्टर, आणि क्वार्टर सोडताना भिंती तपासायला माणसं हजर. भोक दिसलं की ‘बॅरेक डॅमेज’ म्हणून पगारातून कापून घ्यायची. लग्नानंतरच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये लताबाईंनी हौसेनं आईचा फोटो लावायला खिळा ठोकला, तेव्हा नंदकुमारांनी कपाळाला हात लावला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनीच तिला ते भोक टूथपेस्टनं बुजवून वरून बोट फिरवायला शिकवलं. बाईनं तो धडा असा काही मनावर घेतला की पुढं तिनं कुठल्याच भिंतीला हातोडा लावू दिला नाही. आईचा फोटो काळ्या पेटीत गेला आणि पेटीतच राहिला.

शेवटची पोस्टिंग चंदीगडला झाली. लेक ऋजुता कॉलेजात होती, म्हणून शहराला लागून हा फ्लॅट घेतला, तात्पुरता. मग तिला आयटी पार्कमध्ये नोकरी लागली, मग तिचं लग्न झालं आणि ती शेजारच्या पंचकुलाला गेली, आणि तात्पुरता फ्लॅट तसाच तात्पुरता राहिला. रहिमतपूरला लताबाईंच्या बहिणीच्या घराला लागून जागा घेऊन ठेवली होती. तिथं दोन खोल्या बांधायच्या, पुढं अंगण ठेवायचं, अंगणात काय लावायचं तेही ठरलेलं. नाव आणि हुद्दा पांढऱ्या रंगात लिहिलेल्या काळ्या पेट्या पलंगाखाली तयारीत होत्या.

आणि मग लताबाईंना धाप लागायला लागली. आधी जिना चढताना, मग केर काढताना, मग नुसतं बोलताना. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी नंदकुमारांना बाहेर बोलावून सांगितलं की फुप्फुसं आतून राठ होत चाललीत, यावर औषध नाही, फक्त त्रास कमी करता येईल. नंदकुमार आत आले आणि बायकोला म्हणाले, “वेळ लागेल म्हणतायत.”

“लागू दे,” लताबाई म्हणाल्या. “बरं वाटलं की मग गावाला जाऊ.”

पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते हवेतून प्राणवायू गाळून द्यायचं, पण पाठीमागून सगळी ऊब खोलीत ओतायचं. वर शेवटचा मजला, डोक्यावर तापलेला स्लॅब, आणि मे महिना. उकडलं की लताबाईंची धाप वाढायची. कूलरच्या ओल्या हवेनं खोकला उसळायचा, म्हणून डॉक्टरांनी कूलर बंद करायला लावला होता. खोली थंड आणि कोरडी ठेवा, असं ते म्हणाले. डॉक्टरांना म्हणायला काय जातंय.

ऋजुता रविवारी आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “बाबा, स्प्लिट एसी लगवाओ ना यार. एक दिन का काम है.”

“भिंतीला केवढं भोक पडतं माहितेय का?” पलंगावरून लताबाई म्हणाल्या. नाकातली नळी सारखी करून त्यांनी दम घेतला. “नंतर फ्लॅट विकायचाय आम्हाला. भोकं पाडलेलं घर कोण घेतंय?”

“मम्मा, सबके घर में छेद है.”

“सगळ्यांच्या घरात असू दे.”

खिडकीत बसणारा एसी चालला नसता, कारण बिल्डरनं खिडकीला पक्की जाळी जोडून टाकलेली. ऋजुतानं बापाकडं पाहिलं. बाप फ्रिजवरच्या घड्याळाकडं बघत होता. त्यांना बायकोचं न ऐकता माणूस बोलावता आला असता, पण हिंमत होत नव्हती. भिंतीला भोक पाडायचं म्हणजे आपण आता कुठं जात नाही, असं तिला तिच्या तोंडावर सांगायचं. डॉक्टरांनी जे बाहेर बोलावून सांगितलं, ते ड्रिल मशीननं आत येऊन सांगितलं असतं.

नेमक्या त्याच दिवसांत ती जाहिरात आली. आली म्हणजे मानगुटीवरच बसली. फोन उघडावा तर ती, रेडिओ लावावा तर ती, एअरपोर्ट रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकावं तर पुढच्या रिक्षाच्या पाठीवर ती. ‘हिमसाथी’ नावाचा चाकांवरचा एसी. ना तोडफोड, ना मिस्त्री, जहाँ आप, वहाँ ठंडक. जाहिरातीतल्या बाईच्या घराबाहेर ऊन रणरणत असायचं आणि ती आत शाल पांघरून चहा पीत हसायची. तिला धाप वगैरे काही नव्हती.

“अहो, हे बघा,” लताबाईंनी फोन पुढं केला. किती तरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता. “भोक नको, काही नको. आणि जाताना उचलून नेता येतंय.”

नंदकुमार चंदीगडला बावीस सेक्टरच्या बाजारात गेले. आयुष्यभर आलेला माल उलटापालटा करून मगच सही करणारा माणूस, जाहिरातीवर भुलणार थोडाच. दुकानात आधीच छताला मोठा एसी चालू होता, आणि त्या गारव्यात हिमसाथी गार हवा सोडत होता. त्यात त्याची काय कर्तबगारी? नंदकुमार यंत्राच्या मागं गेले. पाठीतून सोंडेसारखी एक जाड नळी निघून पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली होती. नळीवर हात ठेवला तर चुलीवरून उतरवलेल्या पातेल्यासारखी तापलेली. आणि ही नळी खोलीतच राहणार.

“ये बाहर जो हवा फेंकता है, वो कहाँ की?” त्यांनी विचारलं.

“रूम की, सर जी.”

“तो उसकी जगह रूम में हवा कहाँ से आएगी?”

विक्रेत्यानं क्षणभर विचार केला. “आप दरवाज़ा बंद रखिए जी. कुल्लू-मनाली बन जाएगा.”

बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी दाराच्या फटीतून, खिडकीच्या सांध्यातून तेवढीच तापलेली हवा आत येणार, हे नंदकुमारांना तिथंच उभ्या उभ्या उमगलं. यंत्र एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं. त्यात आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागावं. ऋजुताला फोन केला तर ती म्हणाली, “मैंने रिव्ह्यूज़ पढ़े हैं, बाबा. लोग रो रहे हैं. मत लो.”

त्यांचा निकाल स्पष्ट होता. स्टोअरला असते तर लाल शेरा मारून माल परत धाडला असता. लहान खोली, थोडा वेळ, काहीच सोय नसलेला माणूस, अशाला एक वेळ चालेल. तापलेल्या स्लॅबखाली आजारी बाईला नाही. हे सगळं कळून-सवरून त्यांनी तो विकत घेतला, कारण घरी लताबाई वाट बघत होत्या. रिकाम्या हातानं परत जाऊन तिला काय सांगणार होते?

हिमसाथी आला. सरकत्या काचेच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी बसवून तिच्यात सोंड अडकवली. खोकं आणि थर्माकोल नंदकुमारांनी नीट रचून पेट्यांशेजारी सारलं, कारण जाताना लागणार होतं. यंत्र घरघरायला लागलं, आणि लताबाईंनी तोंडावर येणारा गार झोत अंगावर घेत डोळे मिटले.

“मस्त आहे की हो.”

“आहेच मुळी,” नंदकुमार म्हणाले.

झोत गार होता, त्यात खोटं नव्हतं. पण झोताबाहेर दोन पावलं सरकलं की खोली होती तशीच होती. दाराखालून पायांना ऊन लागावं तशी झळ यायची. नंदकुमारांनी दाराखाली टॉवेल सारला, सोंडेवर जुनी घोंगडी गुंडाळली, काचेच्या सांध्यांना चिकटपट्ट्या लावल्या. रोज नवा उपाय काढायचे आणि बायकोला म्हणायचे, “आता बघ.” आणि ती रोज म्हणायची, “हं, आता बरंय.”

एका दुपारी ते औषधं घेऊन आले, तर लताबाई हनुवटीपर्यंत शाल ओढून पडलेल्या.

“लई गार झालंय,” त्या म्हणाल्या. “अंगावर घ्यावं लागलं.”

नंदकुमारांचा चेहरा उजळला. आपणच उगीच शंका काढत होतो, यंत्राला स्थिरावायला वेळ लागत असेल, असंसुद्धा मनात येऊन गेलं. ऑक्सिजनची नळी पाठीखाली दबली होती ती सोडवायला त्यांनी बायकोच्या खांद्यामागं हात घातला, आणि हात ओला झाला. ब्लाउज पाठीला चिकटला होता. मानेवरून घामाचे ओघळ शालीत मुरत होते. लताबाईंनी डोळे उघडले नाहीत. ती जाहिरात त्यांनी कितीदा पाहिली होती कोण जाणे.

नंदकुमारांनी नळी मोकळी केली आणि शाल होती तशी परत नीट ओढून दिली. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभे राहिले. इतकं हताश त्यांना इस्पितळाच्या व्हरांड्यातही वाटलं नव्हतं. ती त्यांना फसवत होती आणि ते तिला, आणि दोघं मिळून एक कोरी भिंत सांभाळत बसले होते.

पुढं व्हायचं ते झालं. जूनच्या भर दुपारी नंदकुमार डाळीला फोडणी देत होते, आणि खोलीत उन्हानं वाकलेली प्लॅस्टिकची पट्टी काचेतून निसटली. सोंड खाली पडली आणि बाहेर जायची सगळी वाफ पलंगाकडं तोंड करून सुटली. लताबाईंनी हाक मारली. हाकेत दम नव्हता. त्यांनी चमचा घेऊन स्टीलच्या पेल्यावर वाजवला, वाजवत राहिल्या. पण यंत्राच्या घरघरीत पेला कुणाला ऐकू जातोय? नंदकुमार जेवायचं विचारायला आत आले तेव्हा बायको अर्धी उठून बसलेली, ओठ निळसर पडलेले, चमचा मुठीत, आणि पेला जमिनीवर.

त्यांनी हिमसाथी लाथेनं बंद केला. खिडकी उघडली, ऑक्सिजन वाढवला, ओल्या फडक्यानं तिचं तोंड, मान, हात पुसत राहिले. बऱ्याच वेळानं श्वास ताळ्यावर आला. डाळ करपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना लताबाई म्हणाल्या, “स्प्लिट लावून घ्या.”

हेच तर त्यांना महिनाभर हवं होतं. ऋजुताला फोन केला असता तर तासाभरात माणूस आला असता. पण कप त्यांच्या हातात तसाच राहिला, आणि कधी नव्हे ते त्यांनीच हिमसाथीची बाजू घेतली.

“ती पट्टी मी पत्र्याची करून आणतो. मग निसटायची नाही. आणि हा गावाला नेता येतोय.”

“नको.”

“भिंत खराब होईल, लता.”

“होऊ द्या,” लताबाई म्हणाल्या. “आपल्याला आता कुणाच्या ताब्यात द्यायचीय?”

नंदकुमार उठून गॅलरीत गेले आणि खालच्या रस्त्यावरचा ट्रॅफिक बघत रडले. ती बरी होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण निदान तिला ठाऊक नाही, या एका आधारावर ते तग धरून होते. तोही गेला.

कारागीर पंजाबी होता, बडबड्या, कामाला चलाख. धूळ लागू नये म्हणून लताबाईंना बाहेरच्या खोलीत, नळी पोचेल तिथवर, खुर्चीत बसवलं आणि मधलं दार लोटून फटीवर ओली चादर सोडली. ड्रिल सुरू झालं. भिंत चांगलीच थरथरली, फ्रिजवरचं घड्याळ साखरेच्या डब्यावर टकटकत राहिलं. मग एकदम आवाज बदलला, आणि भिंतीतून पलीकडचं ऊन गोल होऊन आत आलं. नंदकुमार त्या गोलाकडं पाहत उभे राहिले. हे टूथपेस्टनं बुजण्यातलं नव्हतं.

दुपार कलेपर्यंत एसी लागला. केर भरला, फरशी पुसली, दार उघडलं, आणि आवाज न करता खोली गार होत गेली. कोपऱ्यापर्यंत, पलंगाखाली पेट्यांपर्यंत. कारागीर हत्यारं पिशवीत भरायला लागला.

“अहो,” लताबाईंनी खुर्चीतून हाक मारली. “माणूस आलाच आहे तर घड्याळ पण लावून घ्या. पलंगावरून दिसेल असं. आणि आईचा फोटो काढा. मधल्या पेटीत आहे, चादरींच्या खाली.”

नंदकुमार गुडघ्यावर बसले. हिमसाथीचं खोकं बाजूला सारून त्यांनी मधली पेटी ओढली. कडी गंजली होती, जोर लावावा लागला. फोटो सापडला. तो पलंगावर ठेवून त्यांनी फ्रिजवरून घड्याळ आणलं आणि दोन्ही हातांत धरून भिंतीपुढं उभे राहिले.

“कित्थे लावाँ, अंकल जी?” कारागिरानं विचारलं.

नंदकुमारांना सांगता येईना. हजारो वस्तूंच्या जागा ज्यानं डोळे मिटून सांगितल्या, त्याला भिंतीवर घड्याळ कुठं लावतात ते माहीत नव्हतं. एवढ्या घरांत राहून ही वेळ कधी आलीच नव्हती. त्यांनी घड्याळ आधी दाराजवळ धरलं, मग खिडकीजवळ, मग पलंगासमोर, हात पुरेल तेवढं उंच.

“जरा खाली घ्या,” लताबाई मागून म्हणाल्या. “मान वर करवत नाही आता.”

त्यांनी घड्याळ खाली घेतलं, आणि कारागिरानं तिथं पेन्सिलीनं खूण केली.