तिसरं ऑइल सील

आंब्याचे दिवस आले की मी तसाही एका जागी टिकत नाही. त्या वर्षी तर चूळही न भरता अंगणात जायचो आणि पिकअपखाली टाकलेला पुठ्ठा ओढून बघायचो. पुठ्ठ्यावर तेलाचा डाग असायचाच. बायको दारातून म्हणायची की तिचा ताप मी कधी एवढ्या काळजीने पाहिला नाही. तिचं खरं होतं, पण ते कबूल करायलाही मला तेव्हा सवड नव्हती.

गाडी अठरा वर्षांची. बागेतून आंब्याच्या पेट्या भरायच्या आणि तळेऱ्याला नेऊन ट्रकमध्ये चढवायच्या, हे तिचं काम. हंगाम सुरू झाला आणि चढावर दुसरा गिअर उडायला लागला, त्यात गिअरबॉक्स गळायला लागला. मेस्त्रींनी तो उतरवला, बेअरिंग बदललं, तेल अडवणारं रबरी कडं, म्हणजे ऑइल सील, नवं बसवलं. गिअर मुकाट्याने पडायला लागला. तेल मात्र आठ दिवसांत पुन्हा पुठ्ठ्यावर आलं.

हे मेस्त्री सत्तरी ओलांडलेले. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या गाड्या त्यांनीच चालत्या ठेवल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना बारीक काम नीट दिसत नव्हतं. ते डोळे मिटून बोटांनीच चाचपत काम करायचे. पुण्याचा मुलगा फोनवर सारखा सांगत होता की आता गॅरेज बंद करा. ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा गाडीखाली शिरायचे.

दुसरं सीलही गळलं तेव्हा माझा तोल गेला. मेस्त्रींना तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून नाक्यावरच्या चहाच्या दुकानात बोललो. चारचौघांत, चढ्या आवाजात म्हणालो की मेस्त्रींचा हात गेला. आमच्या नाक्यावरची गोष्ट गॅरेजपर्यंत पोचायला एक चहा पुरतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मेस्त्री नवं सील तेलात बुडवून वाट बघत बसले होते. मी उगाच हसत म्हणालो, होडीसारखी राळच भरूया का सगळीकडे? ते हसले नाहीत.

"ह्या खेपेक गळला, तर माझो हात गेलो म्हणान समजायचा," ते म्हणाले. "मगे मी पानो धरूचंय नाय."

त्यांनी तिसरं सील बसवलं. मी शेजारी येरझाऱ्या घालत होतो. एका म्हाताऱ्या माणसाचं आयुष्यभराचं काम माझ्या गाडीखालच्या एका रबरी कड्यावर टांगलंय, हे मला कळत होतं, आणि ते तिथे टांगणारा मीच, हेही.

दुसऱ्या दिवशी पेट्या भरून निघालो. तळेऱ्याला माल उतरवला आणि गाडीखाली वाकून पाहिलं. तेल ठिबकत होतं.

पहिला विचार आला तो खोटं बोलण्याचा. सगळं पुसून टाकायचं, रोज गुपचूप तेल भरायचं आणि मेस्त्रींना सांगायचं की आता गळत नाही. चिंधी घेऊन मी खाली सरपटलो. पुसता पुसता हात गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला गेला आणि साचलेल्या मातीच्या थराखाली बोटाला एक टणक गाठ लागली. नखाने खरवडली तर तिच्यातून कापसाचा धागा निघाला.

ती राळ होती. माझीच. आदल्या वर्षी पावसाच्या तोंडावर खाडीतल्या होडीच्या फटी भरताना थोडी उकळलेली राळ उरली होती. गिअरबॉक्सच्या डोक्यावरची एक इवलीशी टोपी पडून गेलेली आणि खाली भोक उघडं पडलेलं मला दिसलं होतं. कॉजवेवरचं पाणी आत शिरेल म्हणून मी ते कापूस-राळ ठासून बुजवलं, आणि विसरलो. होडीवर वाढलेल्या माणसाला भोक दिसलं की हात शिवशिवतात. ते भोक गाडीला श्वास घ्यायला ठेवलेलं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. वर्षभर गाडी रिकामीच फिरली म्हणून कळलं नाही; हंगामात पेट्या लादून चढावर तापली की आतली हवा फुगायची आणि वाट मिळेना म्हणून सीलमधून तेल बाहेर ढकलायची.

सुरीच्या टोकाने गाठ काढली तशी आतून फुस्स करून हवा सुटली. तेल पुसून, भोकावर साधी चिंधी बांधून घरी येईपर्यंत मी तीनदा थांबून खाली वाकलो. तिन्ही वेळा सील कोरडं होतं.

आता तर गप्प बसणं अगदीच सोपं होतं. मेस्त्रींचं सील टिकलं, सगळं निभावलं. संध्याकाळी गाडी घेऊन गॅरेजवर गेलो. त्यांनी विचारलं, गळला? मी म्हटलं, नाही. हातातला पाना त्यांनी दोनदा उगाच पुसला. त्यांचा चेहरा बघवेना. मी सगळं सांगून टाकलं, राळेची गाठसुद्धा खिशातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. लाज वाटत होती, इतकी की खाली बघूनच बोलत होतो.

मेस्त्रींनी ती गाठ चिमटीत धरून बराच वेळ फिरवली.

"दोन म्हयने मी माझ्या बोटांका गाळी घातलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी डब्यातून एक जुनी टोपी शोधून काढली, गाडीखाली शिरले आणि डोळे मिटून, पहिल्याच खेपेला, ती भोकावर बसवली. बाहेर येऊन हात पुसले. मी जायला निघालो तर म्हणाले, "गाडी हंयच ऱ्हवांदे. माझो हात गेलो म्हणान थंय सांगलंस मा? थंयच जावन सांग, कोणाचो गेलो तो."

मी चालत नाक्यावर गेलो. संध्याकाळची वेळ, दुकान भरलेलं होतं. कोणीतरी सरकून मला जागा केली. मी बसलो नाही.