निळ्या दारांची वेल

चेनकाका आयुष्यात कुठेही गेले नव्हते, पण त्यांच्याइतकी गावं कुणी झटकली नसतील. खाली बॅगा दुरुस्त करायचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या आणि त्यावर गच्ची, एवढ्या जिन्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. चेन बसवण्यात त्यांचा हात असा होता की लोक खरं नाव विसरले आणि ते सगळ्या रस्त्याचे चेनकाका झाले. चाकं, मुठी, कुलपं त्यांच्याकडे आणि फाटलेली अस्तरं काकूंकडे, अशी वाटणी होती. काकूंचं शिलाई मशीन दुकानाच्या खिडकीशी होतं. या सगळ्या हकिकतीत लबाडी कुणी केली असेल तर ती काकूंनी केली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बॅग दुरुस्तीला आली की काका आधी टेबलावर पांढरं कापड अंथरायचे. बॅग उघडून त्यावर उपडी धरायची आणि तळावर तीन थापा मारायच्या. बटणं, केसातल्या पिना, कुणाच्या कानातलं एकुलतं एक डूल, जे पडेल ते पाकिटात घालून मालकाला परत. चाळीस वर्षांत एक टाचणी त्यांनी ठेवून घेतली नाही. पण वाळू, माती, मोज्यांना चिकटून आलेली कुसळं आणि बिया, यांच्यावर मात्र आपला हक्क आहे असं त्यांचं त्यांनीच ठरवून टाकलं होतं.

मग ते गिऱ्हाइकाला विचारायचे, "कुठे जाऊन आलात?"

गिऱ्हाईक गावाचं नाव सांगू लागलं की काका हात हलवायचे. "नाव राहू द्या हो. नाव तिकिटाला लागतं. तिथे काय काय पाहिलंत ते सांगा."

घाईत आलेली माणसं मग काउंटरवर कोपर टेकून बोलत राहायची. बिया गच्चीवरच्या डब्यांत जायच्या आणि डब्यावर चिठ्ठी लागायची. 'धुक्याचं गाव.' 'नदीवर दोरांचा पूल.' एका डब्यावर तर नुसतं 'बाई म्हणाल्या, फार चढ आहे' एवढंच होतं. दहातल्या सहा डब्यांत काही उगवायचंच नाही आणि दोनांत साधं गवत यायचं. त्या गवतालाही काका पाहुण्यासारखं सांभाळायचे.

स्वतः जायचं मात्र राहिलं. आधी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, मग लेकीच्या परीक्षा होत्या, आणि त्या संपेपर्यंत डबे दीडशेवर गेले होते. "एवढ्यांना पाणी कोण घालणार?" या एका वाक्यावर प्रत्येक प्रवास दारातच संपायचा. संध्याकाळी गच्चीवर बसून ते काकूंना गावांची वर्णनं सांगत, आपणच कालच्या गाडीनं उतरल्यासारखी. पहिली दहा वर्षं काकूंना ती फार आवडली. नंतर त्या ऐकता ऐकता भाजी निवडू लागल्या.

एकदा काकूंनी शेजारणीकडून गुलाबाची फांदी आणली होती. काकांनी ती हातात घेतली, बघितली आणि परत दिली. "कोपऱ्यावरच्या बंगल्यात हाच आहे. आपल्या गच्चीवर फक्त लांबून आलेलं लावायचं." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण काकूंना ते लागलं. फांदी शेजारणीला परत देताना काय सांगावं हेही त्यांना सुचलं नाही.

काकूंचे वडील रेल्वेच्या फाटकावर होते. त्यांचं माहेर म्हणजे फाटकाला लागून असलेली दीड खोली, पुढे तारेचं कुंपण आणि कुंपणावर एक वेल. फुलं मळकट पांढरी, आत जांभळा ठिपका, आणि उघडायची ती बरोबर चारच्या गाडीच्या सुमाराला. आई तिला 'फाटकाची वेल' म्हणायची. दिवसभर गाड्या जायच्या, हजारो माणसं त्या घरावरून पुढे गेली, पण तिथे उतरलं कधी कुणी नाही. पुढे पूल झाला, फाटक गेलं, खोली पाडली. आईनं तेव्हा चिमूटभर बी रुमालाच्या टोकाला बांधून काकूंच्या हातात दिलं. आईकडून हाताला लागलेली ती शेवटचीच वस्तू, कारण त्या वर्षाअखेर आईही गेली.

बी घेऊन काकू घरी आल्या त्या दिवशी काका बाजारात गेले होते आणि काउंटरवर एका शाळेतल्या बाईंची बॅग येऊन पडली होती. सुट्टीत बाई जिथे गेल्या होत्या तिथे म्हणे घरोघरी निळी दारं होती. काकू रुमाल हातात धरून बसल्या. 'माझ्या आईचं आहे, लावा' म्हणायला किती वेळ लागतो? पण तो गुलाब त्यांच्या घशात अडकून बसला होता. फाटक काही लांब नव्हतं, पाऊण तासावर होतं. 'लांबून आलेलं' म्हणजे किती लांब, हे काकांनी कधी सांगितलं नव्हतं आणि आता फाटक जिथे गेलं होतं त्याहून लांब काय असणार? काकूंनी रुमालाची गाठ सोडली, बी बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकलं आणि मशीनवर जाऊन बसल्या.

काका आले, कापड अंथरलं, तीन थापा मारल्या आणि ओरडलेच, "अगं, हे बघ काय आलंय!"

ते बी सगळंच्या सगळं उगवलं. डब्यावर चिठ्ठी लागली, 'निळ्या दारांचं गाव.' दोन वर्षांत वेलीनं गच्चीचा कठडा झाकला. येईल त्या गिऱ्हाइकाला काका वर नेऊन दाखवू लागले. अर्ध्या रस्त्याला त्यांनी बी वाटलं आणि वर दारांचा रंग सांगितला. काकू आज सांगू, उद्या सांगू करत राहिल्या. पण काकांचा चेहरा असा फुललेला असायचा की शब्द तोंडाशी येऊन मागे फिरायचे. चारच्या सुमाराला त्या काहीतरी काम काढून गच्चीवर जायच्या. फुलं उघडताना बघायच्या. आईची वेल आपल्याच घरात दुसऱ्या गावाचं नाव लावून राहतेय, याचं त्यांना हसूही यायचं आणि रडूही. आपला नवरा जगभरच्या लोकांना विचारतो, तुम्ही काय पाहिलंत? आपल्याला एकदा विचारील, म्हणून त्या वाट बघत होत्या. वाट बघता बघता एकतीस वर्षं झाली.

शेवटी लेकीनं पाय आपटला. ती दोन गल्ल्या सोडून राहायची. एका रविवारी आली आणि म्हणाली, "बाबा, आता पुरे. आठ दिवस दुकान बंद. डब्यांना मी पाणी घालते. कुठे जायचं तेवढं सांगा."

काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "निळ्या दारांच्या गावाला. आपली वेल तिच्या माहेरी कशी दिसते ते बघायचंय मला."

एवढी वर्षं ज्या प्रवासासाठी काकू झुरल्या तो आला होता, आणि आला होता तो नेमका त्यांची लबाडी उघडी पाडायला. सांगितलं तर काका जायचेच नाहीत. न सांगता गेलं तर तिथे ते शोधत फिरणार. लेकीनं त्या शाळेतल्या बाईंना गाठून गावाचं नाव काढलं, तिकिटं आणली. बॅग मात्र लेकीचीच उसनी न्यावी लागली, कारण चेनकाकांच्या घरात स्वतःची बॅग नव्हती.

बसमध्ये काका खिडकीशी बसले आणि प्रत्येक थांब्यावर खाली उतरले. काकूही उतरल्या. लबाडी उघडी पडायची भीती होतीच, पण खोटं कशाला बोला, त्यांना मजाही वाटत होती. इथल्या दुकानांच्या फळ्या वेगळ्या, कड्या वेगळ्या, धुतलेल्या कपड्यांना वास वेगळ्याच साबणाचा. रस्ता वळला की पुढे काय असेल ते ठाऊक नसणं, यात एवढं सुख असतं हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं.

गावात दारं खरंच निळी होती. काही उन्हानं विटलेली, काही नुकती रंगवलेली, आणि एक हिरवं, कुणा हट्टी माणसाचं. काकांनी वहीतून सुकवलेलं फूल काढलं आणि जो भेटेल त्याला दाखवत सुटले. खिळे-मोळेवाला नाही म्हणाला. टपाल वाटणारी बाई म्हणाली, "सगळी घरं पालथी घालते रोज, पण हे नाही बघितलं." काका टाचा उंच करून भिंतींपलीकडे डोकावत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो काकूंच्या डोळ्यांसमोर चालला होता, आणि कळसा तर त्या स्वतःच होत्या. प्रत्येक वळणावर त्यांनी ठरवलं, आता सांगायचं. प्रत्येक वळणावर काका म्हणाले, "पुढच्या गल्लीत असेल."

शेवटच्या गल्लीत एक आजीबाई दारातल्या पायरीवर ऊन खात बसल्या होत्या. त्यांनी फूल डोळ्यांजवळ नेलं. "नाही हो. ऐंशी वर्षं या पायरीवर बसतेय मी. हे फूल आमच्यात नाही."

आता काका मोडून पडतील म्हणून काकूंनी त्यांचा हात धरला. पण काकांचे डोळे चमकले. "म्हणजे इथली मेली! आणि आमच्याकडे जगली! आजी, ही तुमचीच वेल आहे. एकतीस वर्षांपूर्वी इथून गेली, मी सांभाळली." त्यांनी खिशातून बियांची पुडी काढली. आजीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आत हाक मारली, "अगं सूनबाई, बाहेर ये! आपली जुनी वेल परत आली बघ!"

सून आतून उलथनं घेऊन आली. निळ्या दाराशेजारची माती उकरायला काका तिथेच उकिडवे बसले. आता ही लबाडी दुसऱ्याच्या अंगणात रुजणार, हे काकूंना सहन होईना.

"अहो, थांबा," त्या म्हणाल्या. "ती इथली नाहीये. ती माझ्या आईची आहे. फाटकावरची. त्या बॅगेत बी मी टाकलं होतं."

काकांचा हात मातीतच राहिला. मग ते उठले, गुडघे झटकले आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. तिथे पाठ करून उभे राहिले. सून सासूकडे बघू लागली, सासू काकूंकडे.

"कुठली का असेना," आजीबाई शेवटी म्हणाल्या आणि पुडी उचलून ओटीत ठेवली. "मला वेलीशी मतलब."

बऱ्याच वेळानं काका परत आले आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. सुनेनं आणलेला चहा त्यांनी हातात नुसता धरून ठेवला.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले. "लोकांना मी गच्चीवर नेऊन नेऊन दाखवलं. किती जणांना बी दिलं! मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

काकूंना ते एवढ्या जोरात बोलायचं नव्हतं. पण बोलल्यावर त्यांना थांबता येईना. "येईल त्याला विचारता, काय पाहिलंत, काय पाहिलंत. चाळीस वर्षं शेजारी बसून मी अस्तरं शिवली. माझंही एक गाव होतं. फाटक गेलं, खोली गेली, आई गेली. मी रुमाल घेऊन घरी आले होते हो. पण तुम्हाला लांबचं हवं होतं."

काकांनी चहा खाली ठेवला. सुकलेलं फूल तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ बघत बसले, पहिल्यांदाच बघितल्यासारखे.

मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, दोघांच्या मधल्या पायरीवर नीट अंथरला आणि त्याच्यावर ते फूल ठेवलं. गिऱ्हाइकांशी बोलायचे त्याच आवाजात, पण खालमानेनं त्यांनी विचारलं, "तिथे काय काय होतं, ते सांग."

काकूंनी एवढी वर्षं मनात घोकलेलं सगळं एकदम दाराशी आलं आणि अडकलं. मग त्यांनी आताच्या पुलाच्या अलीकडच्या वळणापासून सुरुवात केली. तिथे रस्त्याला खडी होती आणि चपलेत जायची. मग रुळांचा वास, उन्हात तापलेल्या लोखंडाचा. मग वडिलांचा कंदील, लाल-हिरव्या काचेचा, ज्याला हात लावायची बंदी होती. काका मध्ये मध्ये विचारत होते. काच कुठल्या बाजूला? फाटक वर जायचं की आडवं सरकायचं? तुझी उंची तेव्हा कुठपर्यंत होती?

परतीची बस पावणेसहाची होती. ती सुटली तेव्हाही दोघं पायरीवरच होती, आणि काकू सांगता सांगता नुकत्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या. घर अजून आत होतं.