माझ्या नावाचं लायसन

"खिसे उलटे कर बे."

जिनिंगच्या फाटकावर रोज झडती. कापसाला ठिणगी नको, म्हणून बिडी-माचीस बाहेर ठेवायची. ते मला मान्य होतं. पण त्या दिवशी चौकीदाराच्या हाती माझा मोबाईल लागला आणि तो चालूच होता. लर्निंग लायसनच्या परीक्षेचे प्रश्न होते त्यावर. कामावर येता-जाता मी तेच वाचायचो.

दिवाणजी बाजूलाच खुर्चीत. त्यानं मोबाईल घेतला, सगळ्या मजुरांसमोर मला उभं करून तो माझ्यापुढे धरला.

"वाच. जोरानं."

सातवीतून सुटलेली माझी शाळा. अडखळत वाचलं, 'अपघातात कोणी जखमी झालं तर चालकानं काय करावं?'

"मंग? काय करावं?"

"मालकाले सांगावं," मी म्हणालो. बोटही त्याच उत्तरावर ठेवलं. मोबाईलनं लाल फुली दाखवली.

"मोबाईलले काय समजते! बरोबर सांगतलं यानं," दिवाणजी हसला. "झरीच्या जंगलातून आला अन् डायवर व्हाले निंगाला!"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. त्यांचं हसणं मी विसरलो. माझं विसरता येत नाही.

तेवढ्यात धाकटे शेठ, मालकाचा पोरगा, पिकअप घेऊन आत शिरले. बोटात पेटती सिगारेट. चौकीदारानं सलाम केला. त्यांचे खिसे कोणी पाहिले नाहीत.

दोन दिवसांनी थोरल्या शेठनं ऑफिसात बोलावलं. बसायला खुर्ची दिली. चहा दिला. तीन हंगामांत पहिल्यांदा. मी काठावर टेकलो. चहा गोड होता. याला काय पाहिजे असेल?

उपकार होते त्यांचे. बोंडअळीनं आमच्याकडची वावरं खाल्ली, वेचणीच बंद पडली, तेव्हा एसट्या बदलत मी उमरखेडला आलो. ओळख ना पाळख. त्यांनी काम दिलं, झोपायला शेड दिली. हे मी आजही नाकारत नाही.

"अभ्यास कायले करतं?" शेठ म्हणाले. "एजंट देते परीक्षा तुह्या नावानं. पहिले कच्चं, मंग पक्कं. तुहा आधार नंबर ऑफिसात हायेच, तू फक्त मोबाईलवर आकडे येतीन ते सांग. खर्च माह्याकडे."

"पन शेठ, मले गाडी येत नाही अजून."

"तुले कुठी चालवाची हाय? गाडी धाकटा चालवते. त्याले अठरा व्हाले टाइम हाय. तू बाजूले बसून राहाजो. काही झालं तं म्हनजो, मीच चालवून राह्यलो होतो."

काही झालं तं.

पिकअप फाटकातून कशी शिरते, ते मी रोज पाहत होतो. बाया अंग चोरून बाजूला होतात. उद्या एखादी नाही झाली तर? मालकाला सांगायचं. मग मालक सांगेल, कुणाचं नाव सांगायचं ते. लाल फुली डोळ्यांपुढे आली. खरं उत्तर मी त्याच रात्री पाठ केलं होतं. जखमीला दवाखान्यात न्यावं. पोलिसांना कळवावं.

मोबाईल थरथरला. ओटीपी. शेठनं एजंटला फोन लावलेलाच होता.

"सांग."

आकडे मनातल्या मनात वाचले.

"नाही सांगत, शेठ."

"काहून? खाल्लेलं विसरला काय बे?"

"नाही विसरलो. काम सांगा, करतो. नाव नाही देत."

"मंग उद्यापासून फाटकात पाय ठेवू नको."

नाही ठेवला. गावालाही गेलो नाही. एका गॅरेजात गाड्या धुतो. तिथला मालक भला वाटतो. तरी त्यानं चहा दिला की मी आधी त्याच्या तोंडाकडे पाहतो.

परीक्षा अजून व्हायची आहे. नापास झालो तर माझ्या नावानं नापास होईन. पण तो एक प्रश्न आला, तर माझं बोट मालकावर जाणार नाही.