आधी गिरणी, मग घर

"घर मागनं बघा. आधी गिरणी कुठं हाय त्ये बघा."

एवढं म्हणून काकी दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायच्या, हाताला पीठ लागलेलं असो वा नसो. समोरचा माणूस बदलीचा कागद धरून त्यांच्याकडे बघतच राहायचा. साताऱ्यात आमच्या गल्लीत कुणाची बदली झाली, कुणाची मुलगी परगावी दिली, कुणाला फौजेतल्या नवऱ्याचं क्वार्टर मिळालं, की तो माणूस पेढे वाटायच्या आधी काकींच्या ओट्यावर यायचा. काकींचे यजमान फौजेत हवालदार होऊन पेन्शनीत आले होते. त्यांच्यामागे काकींनी अंबाल्यापासून तेजपूरपर्यंत सात ठिकाणी चूल मांडली होती. अशी एखादी बाई तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुमची गल्ली कमनशिबी, दुसरं काय म्हणणार!

गिरणी म्हणजे पिठाची गिरणी. काकींचं म्हणणं साधं होतं. घर दाखवताना मालक गोड बोलतो, पण गिरणीत दळणासाठी बसलेल्या बाया खरं बोलतात. तासभर डबा घेऊन बसलं की कुठला नळ कोरडा, कुठला मालक किरकिरा, कुठली वाट संध्याकाळनंतर टाळायची, सगळं न विचारता कानावर पडतं.

आमच्या शेजारचे एक ओव्हरसियर इस्लामपूरला बदलून चालले होते. मोठे टापटिपीचे गृहस्थ. चार खिडक्यांचं हवेशीर घर बघून आले आणि काकींना कौतुकानं सांगायला लागले. काकींनी विचारलं, "गिरणी कुठं हाय?" ओव्हरसियर हसले. म्हणाले, "काकी, मला राहायचंय तिथं, दळायचं नाहीये." महिन्याभरानं आले ते भुवयांवर पीठ घेऊनच आल्यासारखे दिसत होते. गिरणी घराच्या भिंतीला लागून होती. सकाळी सातपासून घर हादरायचं, आणि चारही खिडक्यांतून पीठ येऊन नकाशांवर बसायचं. "मग मी काय इचारलं हुतं?" काकी म्हणाल्या आणि हात झटकले.

त्यांचा दुसरा नियम ट्रंकेचा होता. "आमच्या साताऱ्यात असं नसतं" हे वाक्य ट्रंकेत तळाला घालायचं, वर कुलूप लावायचं आणि वर्षभर ती ट्रंक उघडायची नाही. नव्या गावात माणसाला जागा मिळत नाही ती या एका वाक्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि अंबाल्याची गोष्ट. ती आम्ही सगळ्यांनी किमान वीसदा ऐकलेली. काकी नवी नवरी म्हणून अंबाल्याला गेल्या तेव्हा बरोबर ज्वारीचं पोतं होतं. गिरणीवाल्यानं डब्यात बघितलं आणि म्हणाला, हे तर जनावरांचं खाणं, मी गहूच दळतो. काकी सांगायच्या, "मी म्हनलं, भैयाजी, हम भी जनावर हाय, तुम पीसो." त्यानं पोट धरून हसत दळून दिलं. दर वेळी या गोष्टीत गिरणीवाल्याची उंची थोडी वाढायची. मी सून म्हणून गल्लीत आले तेव्हा तो सहा फुटी होता. पुढे पुढे तो गिरणीच्या दारातून वाकून आत यायला लागला.

मी या सगळ्याला हसत असे. आज सांगायला लाज वाटते, पण मी डी.एड. झालेली, मला काकी म्हणजे एक गंमत वाटायची.

मग माझाच कागद आला. सांगलीच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक, सोमवारी अकरा वाजता हजर व्हायचं. नाही झाले तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जागा. माझे यजमान सीमेवर होते, तिथे कुटुंब नेता येत नव्हतं. सासरे वाईट नव्हते, पण त्यांना काळजीची सवय होती. ते म्हणाले, "रविवारी जा. संध्याकाळपर्यंत चांगल्या वस्तीत खोली मिळाली तर राहा. नाही मिळाली तर शेवटच्या गाडीनं परत यायचं, आणि पुन्हा नोकरीचा विषय काढायचा नाही." मी दोन वर्षं त्या नेमणुकीची वाट पाहत होते. सासऱ्यांनी सोबतीला काकींना पाठवलं. मला वाटलं, संपलं!

काकी एस.टी.त चढल्या त्या मांडीवर ज्वारीचा डबा घेऊन. ज्वारीही साधी नव्हती. दुष्काळाचे दिवस होते, रेशनवर तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, मिळत होती आणि घराघरांत तिच्याच भाकरी होत्या. काकींच्या डब्यात मात्र माहेरचा, औंधाकडचा जुना शाळू होता. भावानं जपून ठेवलेल्यातला पाठवलेला, मोत्यासारखा. त्यांनी तो सणालाही काढला नव्हता. मी विचारलं, "काकी, हा कशाला?" त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं गिरणीत कसं बसायचं?"

सांगलीत उतरल्यावर मी काकींचं ऐकलं नाही. सासऱ्यांच्या ओळखीच्या एकानं तीन पत्ते दिले होते, ते मी धरून बसले होते. पहिल्या घरी मालकांनी विचारलं, "मिस्टर कुठं असतात?" मी सांगितलं. "मग ते रजेवर आले की या दोघं." दुसऱ्या घरी बाई म्हणाल्या, त्यांना काही नाही हो, पण लोक काय म्हणतील. तिसऱ्या घरी तर दारही पुरतं उघडलं नाही. एकट्या बाईला खोली द्यायची नाही, हे सगळीकडे आधीच ठरलेलं होतं. चार वाजायला आले होते. शेवटची गाडी साडेसातला होती. मी रस्त्याच्या कडेला वळकटीवर बसले आणि मला रडू आलं. शिकलेल्या बाईचं रडू होतं, म्हणजे रागाचं.

काकींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता चल, दळण आनू."

गिरणी दोन गल्ल्या पलीकडे सापडली. कट्ट्यावर सात-आठ बाया, भिंतीशी डब्यांची रांग. आम्ही ट्रंक आणि वळकटी घेऊन आत शिरलो तेव्हा सगळ्यांनी एकदा बघितलं आणि मान वळवली. परक्या माणसाकडे तसंच बघतात. काकी रांगेच्या शेवटी डबा ठेवून गुपचूप बसल्या. मी घड्याळ बघत होते.

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. तिच्या पिशवीत शेर-दीड शेर तांबडी मिलो. त्या दिवशी गिरणीत इतर सगळ्यांचे गव्हाचे आणि बऱ्या ज्वारीचे डबे आलेले होते. दगडात आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतंच, ते पुढच्याच्या पिठात उतरतं. मिलोनंतर आपलं दळण कुणालाच नको होतं. म्हातारीचा नंबर आला की एकजण म्हणायची, "आजी, तुमचं शेवटी घेऊ या," आणि गिरणीवाला पुढचा डबा उचलायचा. म्हातारी पिशवी पुन्हा मांडीवर ओढून घ्यायची. दुपारपासून बसली होती, असं नंतर कळलं.

काकी थोडा वेळ बघत राहिल्या. मग उठून गिरणीवाल्याला म्हणाल्या, "आजीचं घाला आता. तिच्यामागं आमचं घाला."

गिरणीवाल्यानं आमच्या डब्याचं झाकण काढलं आणि थबकला. "आवं मावशी, शाळू हाय ह्यो! पांढराशिप्पट. तांबडा पडंल की."

"पडू दे. पोटात गेल्यावर कोन रंग बघतंय?"

सगळ्या बाया आता उघड उघड आमच्याकडे बघायला लागल्या. म्हातारीचं दळण पडलं. मग काकींचा शाळू पडला, सुरुवातीला चांगला तांबूस. ज्या शाळूला त्यांनी सणालाही हात लावला नव्हता, तो. काकींनी चिमूट घेऊन बोटांत चोळली, हात झटकले आणि म्हणाल्या, "झ्याक दळलंय."

"कुठल्या तुमी?" कट्ट्यावरच्या एका दणकट बाईनं विचारलं.

"साताऱ्याच्या. ही आमची सून, मास्तरीन हाय. उद्या साळंत रुजू व्हायचंय, आन् खोली न्हाई." काकींनी एका दमात सांगून टाकलं. मी घाबरले. मी दिवसभर यजमानांचं सांगायचं कसं, याचा विचार करत होते. काकींनी तेही लगेच सांगितलं, "नवरा सीमेवर हाय. ही एकटी ऱ्हानार."

"एकटी?" दणकट बाई म्हणाली.

"एकटी कशानं? ह्या समद्या हायत की," म्हणून काकींनी कट्ट्यावरून हात फिरवला. बाया हसल्या. कुणीतरी सरकून मला जागा दिली.

मग कोपऱ्यातली म्हातारी पहिल्यांदा बोलली. त्या दणकट बाईला म्हणाली, "आगं, तुझी मागली खोली पावसाळ्यापासनं बंद हाय न्हवं? दे की हिला. माझ्या दारासमोर तर हाय. मी दिसभर उंबऱ्यातच असती. कोन आलं, कोन गेलं, मी बघती."

दणकट बाई घरमालकीण निघाली. तिच्या डब्यात आता गव्हाचं पीठ पडत होतं. मला त्या गिरणीचा आवाज अजून आठवतो, कारण त्या आवाजात माझं सगळं अडकलेलं होतं. मग ती मला म्हणाली, "पानी सकाळी सहाला येतं, साडेसहाला जातं. उठशील का?"

"पाचला उठेन," मी म्हणाले.

"मग चल, कुलूप काढू."

त्या संध्याकाळी आम्ही तांबूस भाकरी खाल्ल्या, घरमालकिणीनं दिलेल्या ताकाबरोबर. मी काकींना विचारलं, "तुम्ही ते मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम न्हाई तर काय चुकून?" काकी म्हणाल्या. "नव्या गावात कुनाला नको आसती ती पाळी आपन घ्यायची. समदी वळखत्यात मग." मग पुढे म्हणाल्या, "पर म्हातारी लय वेळ बसली हुती गं. त्ये बी खरं."

मी त्या दिवसापासून काकींना हसले नाही. खरं तर दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या पाया पडायला वाकले होते, पण त्यांनी मला पाणी भरून ठेवायला पिटाळलं. तेही एकटीला. नळावर चार बाया होत्या आणि चौघींनाही माझं नाव-गाव आधीच माहीत होतं.

सोमवारी सकाळी काकी नऊच्या गाडीनं निघाल्या. मी म्हणाले, "दोन तास थांबा, मी रुजू झालेली बघून जा." त्या नाही म्हणाल्या. "मी थांबले तर तू माझ्याकडं बघत सही करशील. सही करताना कागदाकडं बघायचं."

स्टँडवर गाडीला वेळ होता, तेव्हा त्यांनी अंबाल्याची गोष्ट पुन्हा सांगितली. पण या वेळी वेगळीच सांगितली. अंबाल्याला गेल्यावर त्या चार महिने दाराबाहेर पडल्या नव्हत्या. भाषा येत नव्हती. यजमान ड्युटीवर गेले की दाराला आतून कडी लावून बसायच्या. त्यांच्याबरोबर कुणी आलेलं नव्हतं. "पीठ संपलं म्हनून भाईर पडले बघ. उपाशी ऱ्हायाची पाळी आली तवा. न्हाईतर आजून आतच बसले असते," त्या म्हणाल्या आणि पदरानं माझ्याच कपाळावरचा घाम पुसला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं.

गाडी लागली. काकी चढल्या, खिडकीपाशी बसल्या आणि मागं वळून बघायच्या आधीच शेजारच्या बाईशी बोलायला लागल्या.

त्यानंतर त्या सांगलीला कधी आल्या नाहीत. मी पुष्कळदा बोलावलं. दर वेळी निरोप यायचा, "तुझं बस्तान बसलंय, माझं काय काम?" तीन वर्षांनी त्या साताऱ्यातच वारल्या. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी शाळेच्या मधल्या सुट्टीत पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर गेले आणि बराच वेळ बाहेरच राहिले. माझे सासरे काकींच्या तेराव्याला मला म्हणाले, "पोरी, त्या रविवारी तू परत आली असतीस तर मी जिंकलो असतो आणि आपण सगळे हरलो असतो." सासऱ्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

पण तो सोमवार सांगायचा राहिला. अकराला दहा मिनिटं असताना मी मुख्याध्यापिकाबाईंच्या समोर उभी होते. त्यांनी कागद पाहिला, चष्म्यावरून मला पाहिलं.

"राहायची सोय झाली?"

"झाली, बाई." मी गल्ली सांगितली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या गल्लीत? अहो, तिथं एकट्या बाईला कुणी उभं करत नाही. आमच्या दोघीजणी महिनाभर हिंडून परत गेल्या. तुम्हाला कुणाच्या ओळखीनं मिळाली?"

"माझीच ओळख आहे तिथं," मी म्हणाले.

"असं? केव्हापासून?"

"काल संध्याकाळपासून."

बाई हसल्या आणि त्यांनी मस्टर माझ्याकडे सरकवलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते. काकींची गाडी तेव्हा इस्लामपूरच्या पुढे गेली असेल. मी कागदाकडे बघितलं आणि सही केली.