सर्वणच्या म्हाताऱ्याचं घुमट

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण इतका संताप घुमट नावाच्या मातीच्या एका वाद्यापायी यावा, याचं घरच्यांना हसू येतं. हसू देत.

गोव्यातल्या साखळी गावात लोककलांचा महोत्सव होता आणि बंदोबस्त माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या सर्वण गावचा एक म्हातारा वादक चौकीत आला. मंडपामागच्या खोलीत ठेवलेलं त्याचं घुमट चोरीला गेलं होतं. आजोबा, बाप आणि तो, तिघांनीही चवथीच्या आरत्या त्यावरच वाजवलेल्या. मी कागद ओढला आणि सवयीने विचारलं, "वर्णन सांगा. कातडं कसलं?"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "ऱ्हांव दी सायबा, माका तक्रार करूची नाय," म्हणाला आणि उठून चालू लागला.

जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं असतं. आता त्यावर बंदी आहे, नुसतं बाळगलं तरी गुन्हा, म्हणून नव्यांना बकऱ्याचं लावतात. हे पक्कं ठाऊक असताना मी पहिला प्रश्न तोच विचारला! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय?

महोत्सवाच्या सचिवाला विचारलं, तर तो म्हणतो, "साहेब, पाहुणे आलेत, एका मडक्यासाठी बोभाटा नको." त्याच्या पाठीमागे हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'लोककला जपूया'. तो फलक उपटून त्याच्याच हातात द्यावा असं वाटलं.

दोन दिवसांनी डिचोलीची एक वयस्क कुंभारीण ठाण्यात आली. मंडप सजवणाऱ्याच्या कारापूरच्या गोदामात ती आपल्या पणत्या परत न्यायला गेली होती. तिथे ताडपत्रीखाली तिला घुमटं दिसली. "त्यातलां एक माज्या सासऱ्याच्या हातचां," ती म्हणाली. "सर्वणच्या म्हाताऱ्याचां, चोरीक गेलां तां. गळ्याकडचे बोटांचे ठसे वळखतंय मी."

पंच घेऊन छापा घातला. सात घुमटं मिळाली, सगळी जुनी, सगळी घोरपडीची. सजावटवाल्याला ठाण्यात आणून बसवलं. गडी थंड होता. "वाडवडिलांची आहेत. आमचं घराणंच वाजवणाऱ्यांचं," हे एकच पालुपद. वर मलाच विचारतो, "तक्रारदार कोण, तेवढं दाखवा की!"

आमच्या हेड कॉन्स्टेबलने त्यातलं एक घुमट त्याच्यापुढे ठेवलं. "घराणं वाजवणाऱ्यांचं ना? वाजव."

त्याने ते घेतलं आणि तसंच बडवलं. गोदामातल्या ओलीने कातडं मऊ पडलेलं. नुसता थप्प आवाज आला. हेड कॉन्स्टेबल उसळला, "मेल्या, घुमट आधी उन्हात तापवतत! वाजवणाऱ्याच्या घरात ह्या कोणाक शिकवचां लागत नाय!"

तिथे त्याचं पालुपद संपलं. मग भडाभडा बोलला. बंगल्यांच्या भिंती सजवणाऱ्या शौकिनांना तो जुनी घुमटं पुरवायचा. "घोरपडीचंच बघून उचलायचो, साहेब. तक्रार कोण करणार?" वादकांच्या भीतीवर हा माणूस निवांत झोपत होता. आरोपीवर मी कधी हात उचलला नाही. त्या दिवशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

मग मी स्वतः सर्वणला गेलो. "चोरीची जबानी द्या, कातड्याचं मी बघतो," असं म्हाताऱ्याला सांगितलं. माझ्या शब्दावर त्याने अंगठा उठवला.

मी काय बघणार, कपाळ! म्हाताऱ्यावर गुन्हा दाखल झाला नाही, एवढंच साधलं. घुमटं वनखात्याकडे द्या, असा आदेश आला. घोरपड वाचलीच पाहिजे, माझं त्याबद्दल भांडण नाही. पण ती घोरपड त्याच्या आजोबांच्या वेळीच मेली होती, आणि मी शब्द दिला होता.

घुमटं न्यायला गाडी यायची होती, त्या सकाळी मी म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. नियमात बसत नव्हतं, मी बसवलं. त्याने ठाण्याच्या अंगणात घुमट तासभर उन्हात ठेवलं, बोटाने टिचकी मारून पाहिलं आणि एक आरती वाजवली. हेड कॉन्स्टेबल गायला. मग म्हाताऱ्याने आपल्याच हाताने घुमट गोणपाटात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलं.

सजावटवाला जामिनावर सुटला आणि पुढच्या वर्षी त्याच महोत्सवाचा मंडप त्यानेच घातला. या प्रकरणानंतर निवृत्तीपर्यंत तक्रारदाराला मी पहिला प्रश्न एकच विचारला, "काय गेलं तुमचं?" वर्णन मागाहून. पण हे शहाणपण म्हाताऱ्याच्या काय कामाचं? त्या सकाळी जाताना ठाण्याच्या पायरीवर थांबून तो म्हणाला होता, "चोरान न्हेलां तेवा परत मेळतलां अशी आशा तरी होती, सायबा."